आजीचा पाळणा कॅसेटवर आहे, त्याच्याखालच्या कॉर्ड कानाने कशा शोधायच्या?

रानजाई | शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. गिटार हातात घेऊन तीन वर्षं झाली. आजवर जे वाजवलं त्याच्या कॉर्ड (चालीखाली एकदम वाजवायचे तीन-चार स्वर) कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या होत्या. आता पहिल्यांदाच असं काही समोर आलंय की ज्याच्या कॉर्ड कुठेही लिहिलेल्या असणं शक्य नाही.

माझ्या आजीने म्हटलेला पाळणा. बाबांनी १९८६ साली घरच्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवला होता. साथीला पेटी नाही, टाळ नाही, काहीच नाही. मागे पाळण्याच्या कड्यांची कुरकुर ऐकू येते, तेवढीच. चार ओळींचं एक कडवं आहे, ते तीनदा म्हटलंय आणि टेप संपते. आजी २००३ मध्ये गेली. पुढच्या महिन्यात कोल्हापूरला बहिणीच्या मुलीचं बारसं आहे. तिथे ही कॅसेट लावायची आणि खाली अगदी हळू गिटार धरायची, एवढंच मनात आहे.

कॉर्ड ओळखणाऱ्या एका अॅपला रेकॉर्डिंग दिलं. त्याने एका ओळीत डी, डी शार्प, परत डी, मध्येच एफ शार्प मायनर असं काहीही दाखवलं. मग कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, पहिल्या फ्रेटला (पहिल्या घराला) लावून डीच्या आकाराने स्वतःच प्रयत्न केला. डी, जी आणि ए, या नेहमीच्या तीन. पहिल्या दोन ओळी जरा तरी जमल्या. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या शेवटी ए लावला की आजी बेसूर वाटायला लागते. आणि ती बेसूर नाही, नुसती कॅसेट ऐकताना ते स्वच्छ कळतं. म्हणजे चूक माझ्या हातात आहे. कुठे, ते कळत नाहीये.

सहावी_तार | शनिवार, रात्री ११:२०

अॅप बाजूला ठेव. ते वाद्यांच्या गर्दीतून कोणते स्वर एकत्र वाजतायत ते मोजतं. इथे एका वेळी एकच स्वर आहे, त्यामुळे त्याला मोजायला काही मिळतच नाही. डी आणि डी शार्पमध्ये ते घुटमळतंय, याचा अर्थ आजीचा सा त्या दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी आहे.

मी इथे मेलबर्नला बेस गिटार वाजवतो. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमाला दरवर्षी दहा-बारा गाणी कानाने उतरवून काढावी लागतात. तिथे माझा रस्ता ठरलेला असतो. आधी फक्त बेस, म्हणजे सगळ्यात खालचा जाड आवाज, ऐकायचा. प्रत्येक आवर्तनाच्या समेवर तो कुठल्या स्वरावर उतरतो तेवढं लिहायचं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये बेस कानाला लागत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये तो तुकडा एक सप्तक वर चढवायचा, म्हणजे मोबाईलच्या स्पीकरवरसुद्धा तो नीट उमटतो. मग त्या स्वराला सा धरून शुद्ध गची मेजर आणि कोमल गची मायनर, दोन्ही वाजवून बघायच्या. दहातल्या आठ जागा तिथेच सुटतात. उरलेल्या दोन जागी बेस कॉर्डच्या मूळ स्वरावर नसून तिच्या दुसऱ्याच स्वरावर असतो, तिथे वेळ जातो.

तुझ्याकडे बेस नाही, फक्त चाल आहे. तर आधी चाल लिहून काढ. चारही ओळी सरगममध्ये. कुठला स्वर लांबवलाय, कुठला नुसता शिवून पुढे गेलाय, तेही लिही. कॉर्ड लांबवलेल्या स्वरांशी बोलते, शिवून गेलेल्यांची तिने फार फिकीर करायची नसते.

शिकाऊ_गिटार | रविवार, सकाळी ८:०५

मध्येच विचारतो. सरगम लिहायची तर सा कुठला हे कसं ठरवायचं? मी गाण्याचा पहिला स्वर सा धरतो आणि पुढे सगळंच फसतं.

पेटीमास्तर | रविवार, सकाळी ९:३०

पहिला स्वर सा असतोच असं नाही. वाढदिवसाला सगळे म्हणतात ते इंग्रजी गाणं घ्या, ते प्रत्येकाच्या गळ्यात आहे. ते सुरू होतं पवर. प प ध प सां नी. दुसरी ओळ प प ध प रें सां. आता पहिली ओळ म्हणून थांबून बघा. अधांतरी वाटतं ना? दुसऱ्या ओळीनंतर थांबा. घरी आल्यासारखं वाटतं. जिथे घरी आल्यासारखं वाटलं तो सा.

त्याच गाण्यावर कॉर्डही शिका, तीनच आहेत. सावरची, मवरची आणि पवरची. पहिल्या ओळीच्या शेवटच्या नीखाली पची कॉर्ड येते, कारण प-नी-रे मध्ये नी आहे. दुसऱ्या ओळीत धला पचीच चालू राहते आणि शेवटी सा येतो. तिसऱ्या ओळीत ज्याचं नाव घेतो तिथे चाल नी ध अशी उतरते, तिथे मची कॉर्ड. नी तिच्यात नाही, तरी तो लगेच धवर उतरतो म्हणून गोड लागतो. शेवटची ओळ म म ग सा रे सा, त्यातल्या रेखाली एकदा प आणि मग सा. हे बारा पट्ट्यांपैकी कुठूनही वाजवता आलं की पुढच्या पन्नास गाण्यांचा पाया झाला. मी पेटी शिकायला येणाऱ्या मुलांकडून हे काळी एकपासून पांढरी सातपर्यंत प्रत्येक पट्टीत करून घेतो.

रानजाई, तुमची सरगम येऊ दे.

जुना_टेपरेकॉर्डर | रविवार, सकाळी ११:१५

सा मध्येच का अडकलाय त्याबद्दल. कॅसेटची ठरलेली चाल सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. भरताना सेल उतरले असतील तर मोटर हळू फिरते, आणि तीच टेप नंतर चांगल्या मशीनवर लावली की आवाज चढलेला येतो. उलट आता ज्या मशीनवर लावताय त्याचा बेल्ट सैल असेल तर आवाज उतरतो. यातलं नेमकं काय झालंय ते शोधायची एक युक्ती आहे. मशीन विजेवर चालत असेल तर रेकॉर्डिंगमध्ये बारीक घरघर उतरते, ५० हर्ट्‌झची किंवा तिच्या दुपटीची. ती मोजली की टेप किती हळू किंवा जलद आहे ते कळतं.

पण १९८६ च्या टेपवर मी तिच्यावर विसंबणार नाही. त्या काळी आपल्याकडे ग्रिडच ५० वर ठाम नसे, भार वाढला की ४९ च्याही खाली जायचं. तुमचा फरक साधारण दोन-अडीच टक्क्यांचा दिसतोय, तेवढा फरक नुसत्या विजेमुळेही पडू शकतो.

सा किती सेंटने (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) उतरलेला आहे ते ट्यूनरवर बघून सांगाल?

रानजाई | रविवार, रात्री ९:५०

दिवसभर कानाला हेडफोन होते. सा डी शार्पच्या, म्हणजे काळी दोनच्या, ४० सेंट खाली आहे. तिन्ही वेळा म्हणताना दोन-चार सेंटपेक्षा जास्त हलत नाही. पाळणा हलवत, बिनसाथीचं गाणाऱ्या बाईचा सा तीन कडवी असा एका जागी राहतो, हे मला आज मोजल्यावर कळलं. लहानपणी ऐकताना ते कधी लक्षातच आलं नव्हतं.

चाल दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात, बसते, एका ओळीत दोन आवर्तनं. खाली ० लिहिलंय तिथे आधीचा स्वर लांबवलाय.

सा रे ग ग म ग | रे ग रे सा ० ०
सा रे ग म प म | ग म ग ० ० ०
म म प म ग रे | ग रे सा नी ० ०
नी सा रे ग रे सा | रे ० नी सा ० ०

नी सगळीकडे खालच्या सप्तकातला आहे. आणि लिहिताना थबकले, कारण तो नी शुद्ध नाही, कोमल आहे. मी ग शुद्ध ऐकला आणि नीही शुद्ध असणार असं धरून चालले होते.

पेटीमास्तर | रविवार, रात्री १०:२५

झालं तर मग. तुमचा ए का रुतत होता ते इथेच आहे. पवरची मेजर कॉर्ड म्हणजे प, शुद्ध नी, रे. तुमच्या आकारात ए, सी शार्प, ई. आजी गातायत कोमल नी, म्हणजे सी. तुम्ही सी शार्प वाजवताय आणि त्यांचा सी, दोन लगतच्या पट्ट्या एकदम दाबल्यासारखं होतं. त्यात आजी बेसूर वाटणारच, कारण गिटारचा आवाज ठाम आणि त्यांचा हळुवार.

या चालीत ज्या कॉर्ड निघतात त्या अशा. सा-ग-प, तुमची डी. म-ध-सा, जी. कोमल नी-रे-म, सी. प-कोमल नी-रे, ए मायनर. आणखी ध-सा-ग म्हणजे बी मायनर आणि रे-म-ध म्हणजे ई मायनर, पण त्यांची गरज पडेल असं मला वाटत नाही. तिसऱ्या ओळीच्या शेवटी सी लावून बघा आणि लगेच सांगा.

एकूण तोंडवळा खमाज रागाचा आहे. आपल्या कितीतरी पाळण्यांत आणि ओव्यांत हा शुद्ध ग आणि कोमल नी असतो. तीन नेहमीच्या कॉर्डवर वाढलेला हात तिथे हमखास चुकतो.

रानजाई | रविवार, रात्री १०:५८

लावला. डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते. ओळ उतरत उतरत नीवर येते आणि खाली सी उघडतो, आजीचा तो स्वर एकदम खोल वाटायला लागतो. गेली पस्तीसेक वर्षं आमच्या घरी सगळ्यांनी ही कॅसेट ऐकलीय, पण त्या स्वराला एवढी जागा आहे हे आज दिसलं.

आता ४० सेंटचं काय करू? सॉफ्टवेअरमध्ये टेपचा वेग २.३ टक्के वाढवला की सा बरोबर काळी दोनवर येतो. करू का?

जुना_टेपरेकॉर्डर | सोमवार, सकाळी ७:४०

नका करू. खरा वेग कोणता ते आपण सिद्ध करू शकत नाही, मग त्यांच्या आवाजाला हात कशाला लावायचा? गिटार खाली आणा. ट्यूनरच्या सेटिंगमध्ये ४४० चा आकडा असतो तो ४३० करा. ४४० पासून ४० सेंट खाली म्हणजे जवळपास नेमके ४३०. त्या आकड्याला सहाही तारा लावा, कॅपो पहिल्या फ्रेटला ठेवा, आणि गिटार टेपशी मिळेल. एवढ्याने तारा सैल पडत नाहीत.

मूळ कॅसेटची एक प्रत मात्र आधी करून ठेवा, वेग वगैरे काही न बदलता. आणि कॅसेट पुन्हा पुन्हा लावू नका, बारशालासुद्धा प्रतच वाजवा. चाळीस वर्षांची टेप कुठल्या दिवशी गुंता करेल सांगता येत नाही.

ओवी_संग्रह | सोमवार, दुपारी १:१०

सगळं आवडीने वाचतेय. तरी एक वेगळं मत मांडते, राग मानू नका. मी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या आणि पाळणे गोळा करते. या चालींना खाली काही नसणं हाच त्यांचा स्वभाव आहे. बाईचा आवाज, जात्याची घरघर किंवा पाळण्याची कुरकुर, बस्स. कॉर्ड लावली की ऐकणाऱ्याला प्रत्येक स्वराचा अर्थ आयता सांगितला जातो. आता इथे दुःख, आता इथे आनंद. आजींनी तो अर्थ मोकळा ठेवला होता. रानजाईने वाजवू नये असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक स्वराखाली काहीतरी घालायचा मोह झाला तर कुरकुर ऐकू येतेय ना, तेवढं बघावं.

मांडवीकाठ | सोमवार, संध्याकाळी ६:३५

ओवी_संग्रह यांचं म्हणणं मला पटतं, आणि त्यावर उपाय आमच्याकडच्या जुन्या वादकांनी काढून ठेवलाय असंही वाटतं. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना लहानपणीच सोल्फेज (पाश्चात्त्य पद्धतीची सरगम) आणि व्हायोलिन शिकवायचे. तिथून तयार झालेली माणसं मुंबईला हिंदी सिनेसंगीतात गेली. सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट, अशी किती तरी. संगीतकार पेटीवर नुसती चाल ऐकवायचा आणि तिच्याखाली काय वाजेल ते या अरेंजर मंडळींनी कागदावर उतरवायचं. चाल रागातली, गायकी आपली, आणि हातात पाश्चात्त्य कॉर्ड. रानजाई आज जिथे अडकलीय, तिथे ते रोज उभे असणार.

त्यांचं काम लक्ष देऊन ऐकलं तर एक गोष्ट सापडते. गायक गात असतो तेव्हा खालचं बहुतेक हलत नाही. गायक श्वास घेतो, ओळ संपते, तेव्हा व्हायोलिन किंवा बासरी दोन-चार स्वरांचं उत्तर देते. तुझ्या सरगममध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी शून्यं आहेत. तीच तुझी जागा. पहिल्या दोन ओळी डीवरून हलूच नकोस. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ग लांबतो ना, तिथे बी मायनर घालायचा मोह होईल, कारण ध-सा-गमध्ये ग आहे आणि ती लगेच हळवी वाटते. घालू नकोस. आजीने तिथे हळवं होऊ दिलेलं नाही.

आमचे आजोबा व्हायोलिन वाजवायचे. एखादं गाणं उतरवायचं तर आधी तीन दिवस ते नुसतं गुणगुणायचे, वाद्याला हात लावायचे नाहीत. गळ्यात बसल्याशिवाय बोटांत येत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मलाही अजून तोच रस्ता जवळचा वाटतो.

सहावी_तार | मंगळवार, सकाळी ६:१५

चौथ्या ओळीचा प्रश्न राहिलाच. "रे ० नी" या तीन मात्रांना सी की ए मायनर? दोन्ही कॉर्डमध्ये रे आणि कोमल नी आहेत, म्हणजे चाल काहीच सांगत नाही. दोन्ही बरोबर. अशा जागी मी बेसने ठरवतो. सी लावली तर बेस नीवरून सावर येतो, एक पायरी चढून. ए मायनर लावली तर पवरून सावर येतो, उडी मारून, आणि शेवट जास्त पक्का वाटतो. मी ए मायनर घेईन, कारण सी तिसऱ्या ओळीच्या शेवटी एकदा आणि चौथीच्या सुरुवातीला एकदा येऊन गेलेली असेल.

पेटीमास्तर | मंगळवार, सकाळी ९:००

पक्कं वाटतं, म्हणूनच मी तिथे ती घेणार नाही. पाळणा आहे. कडवं संपलं की परत पहिल्यापासून सुरू होतं, मूल झोपेपर्यंत. शेवट फार पक्का केला तर दर वेळी दार लावल्यासारखं होईल. एक पायरी चढून सावर येऊ दे. पण रानजाईंनी दोन्ही वाजवून बघावं आणि त्यांच्या कानाला लागेल ते ठेवावं.

रानजाई | मंगळवार, रात्री १०:१०

दोन्ही वाजवल्या, आईलाही ऐकवल्या. आई म्हणाली, दुसरी लावलीस तेव्हा पाळणा थांबल्यासारखा वाटला. दुसरी म्हणजे ए मायनर. मग सी ठेवली. सहावी_तार, तुमची ए मायनर मला गिटार नुसती ऐकताना जास्त आवडते, आजीसोबत ऐकताना नाही.

गिटार ४३० ला लावली, टेपशी छान मिळतेय. आता एकच गोष्ट टोचतेय. ट्यूनरही ४३० वर ठेवून आजीचा ग बघितला तर तो १४-१५ सेंट उतरलेला दिसतो. प्रत्येक वेळी तेवढाच. आणि माझी डी कॉर्ड वाजली की त्या ग स्वरापाशी काहीतरी थरथरतं.

पेटीमास्तर | मंगळवार, रात्री ११:०५

रानजाई, ती चूक नाही, तो आजींचा कान आहे. तंबोऱ्याच्या सामधून आपोआप उमटणारा ग, म्हणजे साच्या सव्वापट कंपनांचा, तो साच्या वर ३८६ सेंटवर असतो. पेटी आणि गिटारवर सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, प्रत्येकी १०० सेंटचे, म्हणून तिथे ग ४०० वर येतो. फरक चौदाचा. तंबोरा समोर नसताना आजींनी तो नैसर्गिक ग बिनचूक लावलाय. याच कारणासाठी पेटीवर किती राग होता तुम्हाला माहीत असेल. ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून तिला तीस वर्षं बाहेर ठेवलं होतं. मी जन्मभर पेटी वाजवत आलो, तरी या एका मुद्द्यापुरतं त्यांचं ऐकावं लागतं.

उपाय सोपा आहे. ग आजींना गाऊ दे, तुम्ही वाजवू नका. माझा मुलगा गिटार वाजवतो, त्याला विचारून लिहितोय. डीच्या आकारात ग फक्त सगळ्यात बारीक तारेवर असतो, दुसऱ्या फ्रेटला. ती तार छेडूच नका. उरतात सा, प, सा. तंबोराच झाला तो.

तसंच जीचं. तिथला प्रश्न वेगळा आहे. म-ध-सा मध्ये ध आहे, आणि आजींनी अख्ख्या कडव्यात ध गायलेलाच नाही. शुद्ध आहे की कोमल, चाल सांगत नाही. तुम्ही जी मेजर लावून तो शुद्ध ठरवून टाकताय. खमाजाच्या अंगाने तो शुद्धच असावा असं माझं मन सांगतं, पण त्यांनी न गायलेला स्वर त्यांच्या तोंडी कशाला घालायचा? पाचवी तार बोटाने अडवा, दुसरी तार तिसऱ्या फ्रेटला दाबा. म आणि सा एवढेच वाजतील.

ओवी_संग्रह | बुधवार, सकाळी १०:२०

ग आजींना गाऊ दे, हे वाचून माझी हरकत मी मागे घेते. मनापासून.

शिकाऊ_गिटार | शुक्रवार, रात्री ८:४५

वाढदिवसाचं गाणं सी, डी आणि जीमधून वाजवलं. मग कुठेही न बघता शाळेतली प्रार्थना उतरवली. सा सापडायला एक तास लागला, कॉर्ड पंधरा मिनिटांत. एकाच जागी अडकलो होतो, तिथे पची कॉर्ड मायनर करून बघितली आणि सुटलं. धाग्याचे आभार.

रानजाई | शनिवार, संध्याकाळी ५:३०

जे ठरलं ते सगळ्यांसाठी लिहून ठेवते. कॅपो पहिल्या फ्रेटला, ट्यूनर ४३०.

ओळ १: डी, दोन्ही आवर्तनं
ओळ २: डी, दोन्ही आवर्तनं
ओळ ३: जी पूर्ण आवर्तन, मग तीन मात्रा डी, तीन मात्रा सी
ओळ ४: तीन सी, तीन डी, तीन सी, तीन डी

डी बारीक तारेशिवाय, जी धशिवाय. स्ट्रम (सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवणं) नाही, फक्त अंगठ्याने पहिल्या आणि चौथ्या मात्रेला एकेक तार. सीमध्ये म, कोमल नी आणि रे तिन्ही आजीच्या तोंडून आलेले आहेत, म्हणून तिच्यातला कुठलाही स्वर वगळत नाही. मांडवीकाठ, पहिल्या ओळीच्या शेवटच्या दोन शून्यांत प म अशी दोन स्वरांची जागा घेतलीय, एवढंच उत्तर. इतर ठिकाणी कुरकुर ऐकू येऊ दिलीय.

तुमच्या आजोबांचंही ऐकलं. बुधवारपासून तीन दिवस गिटार पेटीत ठेवली आणि स्वयंपाक करताना, बसमध्ये, पाळणाच गुणगुणत राहिले. आज काढली तर बोटं चौथ्या ओळीत आपोआप सावकाश झाली.

रानजाई | चार आठवड्यांनी, सोमवार, रात्री ९:१५

कोल्हापूरहून परत आले. बारसं छान झालं. नाव ठेवून झालं, बायकांनी पाळणा म्हटला, मग मी आजीची टेप लावली आणि खाली वाजवलं. सुरुवातीला बोलणी चालू होती, दुसऱ्या कडव्याला कुणीच बोलत नव्हतं.

टेप संपली तशी मी हात उचलणार, एवढ्यात आत्या गायला लागली. त्याच सुरात, टेपचा सा कानात होता ना. पण शब्द वेगळे. टेपवर नसलेलं कडवं! आईला माहीत नव्हतं, बाबांना आठवत नव्हतं. आत्या म्हणाली, आई हे कडवं फक्त मुलीच्या पाळण्याला म्हणायची, आणि टेप भरली तेव्हा पाळण्यात दादा होता. बहिणीने मोबाईलवर रेकॉर्ड केलंय. आज शांतपणे उतरवलं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळी त्याच चालीत आहेत. तिसरी मवरून वर जाते.

म प ध प म ग | ग रे सा नी ० ०

त्यात ध आहे. पेटीवर तीनदा ताडून बघितला. शुद्ध आहे.

पेटीमास्तर | सोमवार, रात्री ९:४०

मग त्या कडव्याच्या जीमध्ये दुसऱ्या तारेवरचं बोट उचला, ती मोकळी वाजू दे. पाचवी तार मात्र अडवलेलीच ठेवा, तिथला ध फार खाली पडतो.

आणि आत्यांना विचारा, अजून किती कडवी आहेत.